नोटेवर नसलेलं शिखर

खिशात पन्नास रुपयांची निळसर नोट असेल तर ती उलटी करून पाहा. मागच्या बाजूला हंपीचा दगडी रथ आहे. विठ्ठल मंदिराच्या आवारातलं हे गरुडाचं देवघर रथाच्या आकाराचं आहे. चाकं, खांब आणि बाहेर आलेली वळचण एवढं नोटेवर नीट दिसतं. वळचणीच्या वर मात्र काही नाही. आपल्याला ते खटकत नाही, कारण रथ असाच असतो हे आपण गृहीत धरलेलं असतं.

1856 साली मद्रासच्या फौजेतला एक गोरा अधिकारी या रथासमोर तिपाई रोवून उभा राहिला. त्याचं नाव अलेक्झांडर ग्रीनलॉ. त्यानं घेतलेल्या चित्रात रथावर विटांचं थोरलं शिखर आहे. त्यामुळे त्या चित्रातला रथ जड आणि उंच दिसतो, गावच्या जत्रेतल्या रथासारखा. पुढे ते शिखर उतरवलं गेलं, आणि आता नोटेवर छपते ती शिखर उतरवल्यानंतरची आकृती. ग्रीनलॉनं त्या दिवशी दुसरीकडे तोंड केलं असतं, तर तिथे शिखर होतं यावर आज कोणी सहजी विश्वास ठेवला नसता.

हंपीच्या, म्हणजे जुन्या विजयनगरच्या, विठ्ठल मंदिराचं नाव मराठी माणसाला वेगळ्याच कारणानं ठाऊक असतं. कृष्णदेवरायानं पंढरीची मूर्ती विजयनगरला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही कथा वारकऱ्यांच्या घरात लहान मुलालाही माहीत असते. मूर्ती आली की नाही यावर अभ्यासक वाद घालत बसतील. शिखराबाबत वादाला जागा नाही, कारण कागद शिल्लक आहे. कागद हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. ग्रीनलॉची निगेटिव्ह काचेवर नव्हे, साध्या कागदावर होती आणि ती जवळपास दीड फूट लांबीची होती. सव्वाशे वर्षं ती नजरेआड राहिली. 1980 च्या सुमारास लोकांसमोर आली, आणि 1983 मध्ये जॉन गोलिंग्ज या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकारानं त्याच जागांवर उभं राहून तीच दृश्यं पुन्हा टिपली. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की सव्वाशे वर्षांत काय पडलं, काय पाडलं आणि कशाची नव्यानं डागडुजी झाली याचा हिशेब समोर येतो.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे किती उपद्व्याप होता, ते जरा जवळून पाहायला हवं. टॅल्बट नावाच्या इंग्रज गृहस्थानं 1841 मध्ये कागदी निगेटिव्हचं पेटंट घेतलं. पुढे दहा वर्षांनी ल ग्रे या फ्रेंच माणसानं त्यात सुधारणा केली. ती म्हणजे कागदाला आधीच मेण पाजायचं. हिंदुस्थानात फिरणाऱ्यांना हीच रीत सोयीची वाटली. पातळ, एकसारखा कागद घ्यायचा. त्यावर मेण वितळवायचं आणि टिपकागदात घालून गरम इस्त्रीनं जादा मेण काढून टाकायचं, म्हणजे कागद तेलकट तावासारखा अर्धपारदर्शक होतो. मग तो आयोडाइडच्या पाण्यात बुडवून वाळवायचा. अंधारात, पिवळ्या मिणमिणत्या उजेडात, चांदीच्या क्षाराच्या द्रावणातून काढायचा. इथपासून त्याला ऊन दाखवणं वर्ज्य. कॅमेऱ्यात घालून झाकण काढलं की मिनिटं मोजत उभं राहायचं. नंतर राहुटीत परत येऊन गॅलिक आम्लात तासन् तास ठेवायचं, म्हणजे कागदावर काळं उमटू लागतं. हे आम्ल मायफळातून काढतात. बाळगुटीत उगाळतो तेच मायफळ. आजीच्या सहाणेवरची वस्तू विजापूरच्या घुमटांची चित्रं उजेडात आणत होती, हे वाचल्यापासून मला मायफळाबद्दल वेगळाच आदर वाटतो.

शेवटी हायपोच्या द्रावणात बुडवून चित्र पक्कं करायचं आणि मग धुवायचं. भरपूर, स्वच्छ पाण्यात, पुन्हा पुन्हा. आपल्याकडे फिल्मच्या दिवसांत रोल ‘धुवायला’ टाकत. तो शब्द किती खरा होता, हे या माणसांच्या हालांवरून कळतं. पाणी मचूळ निघालं तर चांदीचं द्रावण नासायचं. उन्हाळ्यात मेण मऊ पडायचं. राहुटीत उजेड येऊ नये म्हणून कनाती घट्ट लावल्या की आत वारा यायचा नाही. बोटं तर चांदीनं काळी पडायची आणि तो काळिमा धुऊन जात नसे. काचेवरची ओल्या कोलोडियनची रीत 1851 मध्ये निघाली. चित्र त्यात फार स्पष्ट यायचं, पण काच ओली आहे तोवरच सगळं उरकावं लागे. कोलोडियनमध्ये इथर असे आणि आपल्या उन्हात इथर उडायला वेळ लागत नाही. मेणकागदाचं तसं नव्हतं. आज तयार केलेला ताव चार दिवसांनी वापरला आणि त्यानंतर काही दिवसांनी धुतला तरी चाले. शिवाय बैलगाडीच्या धक्क्यांनी कागद फुटत नाही.

एवढ्या भानगडी करून सरकारनं आपले अधिकारी फोटो काढायला का पाठवले? जुन्या इमारतींबद्दलचं प्रेम हे एक कारण होतं, नाही असं नाही. पण खरं कारण हिशेबाच्या वहीत होतं.

1843 मध्ये जेम्स फर्ग्युसन यानं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला. हा मूळचा नीळ-व्यापारी. व्यापारात पैसा कमावून त्यानं हिंदुस्थानभर भटकंती केली आणि इमारतींची रेखाटनं केली. अजिंठ्याची चित्रं नष्ट होत आहेत, कोणीतरी नकला करा, असं त्याचं म्हणणं. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी ते मनावर घेतलं. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल 1844 मध्ये या कामावर नेमला गेला आणि अजिंठ्याला येऊन राहिला. मुंबईत 1848 साली लेण्यांसाठी एक आयोग बसला. विजापूरला चित्रकार आणि नकाशे काढणारे देशी कारागीर कामाला लागले. सगळं मोठ्या उत्साहात चाललं होतं, पण संचालकांच्या टेबलावर येत होत्या त्या पगाराच्या याद्या. गिल वर्षानुवर्षं भिंतीसमोर बसला आहे आणि चित्रं येताहेत ती एकेक करून. हाताच्या चित्राला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि चित्रकारानं आपल्या मनचं काही घातलं नाही याची खात्री नाही.

नेमक्या याच वेळी कॅमेरा हाताशी आला. 1855 च्या सुमारास लंडनहून मुंबई आणि मद्रास सरकारांना कळवण्यात आलं की यापुढे चित्रकारांऐवजी फोटोग्राफीचा उपयोग करावा. ती अचूक आहे, जलद आहे आणि स्वस्त आहे. कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्यांना तयार करणाऱ्या ॲडिसकोंबच्या विद्यालयात त्याच वर्षापासून फोटोग्राफी शिकवली जाऊ लागली. पडक्या देवळाच्या डागडुजीपेक्षा त्याचा फोटो फारच स्वस्त पडतो. हे कोणी लिहून ठेवलं नसेल, पण त्या दशकातला कारभार पाहिला तर गाडी याच चाकोरीतून चालली होती. इमारत पडली तरी नोंद आहे, असं म्हणता येत होतं.

मुंबई सरकारनं पहिला माणूस निवडला तो तोफखान्यातला कॅप्टन टॉमस बिग्ज. 1855 मध्ये तो विजापूरला गेला. मग बदामी, ऐहोळे, पट्टदकल. त्याला जेमतेम एक हंगाम मिळाला आणि वर्षाअखेर पलटणीनं त्याला परत बोलावलं. त्याच्या जागी आला डॉ. विल्यम पिगू. हा वैद्यकीय खात्यातला. तो धारवाड आणि म्हैसूरकडे, बेलूर-हळेबीडच्या बाजूला वळला. 1858 मध्ये पिगू वारला. तोफखान्याचा माणूस आणि पलटणीचा डॉक्टर ही निवड सहज झालेली नव्हती. तोफखान्यात गणित पक्कं लागतं, आणि डॉक्टरला बाटल्या, मापं आणि आम्लं हाताळायची सवय असते. आग्र्यात ताजमहालाचे सुंदर, भलेमोठे फोटो काढणारा जॉन मरे हाही डॉक्टरच होता.

बिग्जनं पाहिलेलं विजापूर कसं होतं? औरंगजेबानं 1686 मध्ये आदिलशाही संपवली तेव्हापासून शहर ओसरत गेलं. 1818 नंतर ते साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यात होतं, आणि 1848 मध्ये डलहौसीनं सातारा खालसा केला तेव्हा कंपनीकडे आलं. गोल घुमट कंपनीच्या ताब्यात आल्याला बिग्ज पोचला तेव्हा सातच वर्षं झाली होती. नवा मालक घरात शिरतो आणि आधी सामानाची यादी करतो, तशातला तो प्रकार. साताऱ्याच्या कारभारावर त्या वेळी असलेल्या बार्टल फ्रियरच्या प्रोत्साहनानं विजापूरच्या इमारतींची मोजमापं आणि रेखाचित्रं झाली. ती 1859 मध्ये लंडनला ग्रंथरूपानं निघाली. मुखपृष्ठावर कॅप्टन हार्ट आणि कमिंग यांची नावं आहेत. ज्यांनी घुमटांच्या कडेकडेनं दोऱ्या ताणून मापं घेतली, ते ‘देशी कारागीर’ एवढ्या दोन शब्दांत आटोपले.

मुंबईतली गोष्ट थोडी निराळी होती. तिथे फोटोग्राफी सरकारी कामापुरती राहिली नव्हती. 1854 च्या ऑक्टोबरात मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. कलकत्ता आणि मद्रासच्या संस्था त्यानंतरच्या, दोन वर्षांनी. सभासदांत गोऱ्यांची संख्या मोठी असली तरी डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः कॅमेरा चालवत आणि संस्थेच्या कारभारातही होते. भाऊंना शिलालेखांचं वेड. गोव्यातल्या मांद्र्याचा हा मुलगा ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकला, गिरगावात रोगी तपासू लागला आणि उरलेल्या वेळात गुंफांतल्या ब्राह्मी अक्षरांचे ठसे घेत हिंडू लागला. अजिंठ्याचे लेख त्यांनी 1863 मध्ये एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे मांडले. दगडावरचं अक्षर झिजण्याआधी उतरवून घ्यायचं ही घाई त्यांनाही होती. फरक इतकाच की त्यांना ते अक्षर वाचायचं होतं.

1855 मध्ये एल्फिन्स्टन विद्यालयात फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्यातून तयार झालेला हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत स्वतःची पेढी चालवणारा नावाजलेला फोटोग्राफर झाला. म्हणजे बिग्ज विजापुरी राहुटी ठोकत होता, त्याच वर्षी मुंबईची पोरं तेच रसायन ढवळायला शिकत होती. सरकारी मोहिमांसाठी नेमणुका मात्र लष्करातल्याच साहेबांच्या होत राहिल्या.

कलकत्त्याला काय झालं तेही सांगायला हवं. राजेंद्रलाल मित्र हे बंगालचे मोठे पुराविद. ते तिथल्या फोटोग्राफिक सोसायटीचे खजिनदार होते. 1857 मध्ये टाउन हॉलमध्ये केलेल्या भाषणात त्यांनी निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांवर सडकून टीका केली. सोसायटीनं त्यांना काढून टाकलं. फोटोंचा आणि निळीचा काय संबंध, असं कोणी म्हणेल. पण क्लब तो क्लब. गंमत अशी की पुढे याच मित्रांशी ओरिसाच्या देवळांवरून आणि दगडी बांधकामाच्या उगमावरून जाहीर भांडण उकरून काढलं ते फर्ग्युसननं, म्हणजे एकेकाळच्या नीळवाल्यानं. 1884 मध्ये त्यानं त्यावर एक पुस्तकच लिहिलं. हिंदी माणूस पुराव्यावरून निष्कर्ष काढू शकतो हेच त्याला मान्य नव्हतं. विद्वत्ता असूनही माणूस किती कोता राहू शकतो, याचं ते पुस्तक म्हणजे चांगलं उदाहरण आहे.

मद्रासकडे या सगळ्यांत सरस माणूस होता, कॅप्टन लिनियस ट्राइप. 1855 मध्ये ब्रह्मदेशाला गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर जाऊन त्यानं दोनशेच्या वर निगेटिव्ह आणली. मग मद्रास सरकारनं त्याला इलाख्याचा फोटोग्राफर नेमलं. 1857 चा डिसेंबर. उत्तरेत बंड पेटलेलं, आणि हा गाड्या जुंपून दक्षिणेच्या देवळांकडे निघाला. श्रीरंगम, तिरुचिरापल्ली, मदुरा, पुदुकोट्टै, तंजावर.

तंजावरला त्यानं जे केलं ते आजही थक्क करतं. बृहदीश्वराच्या विमानाच्या जोत्यावर चोळांच्या काळचे तमिळ लेख कोरलेले आहेत. एका कॅमेऱ्यात मावणार नाहीत इतके लांब. ट्राइपनं काय केलं, जोत्याच्या कडेनं कॅमेरा सरकवत नेला. एक ताव, मग पुढचा ताव, मग त्याच्या पुढचा. शेवटी एकवीस चित्रं एकापुढे एक चिकटवली आणि सुमारे एकोणीस फुटांची पट्टी तयार झाली. पोथीसारखी उलगडत जावी अशी. प्रत्येक वेळी कॅमेरा भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच उंचीवर, आणि ऊन सरकायच्या आत. जोडकाम फोनवर बोट फिरवून करणाऱ्या आपल्याला त्यातली मेहनत कळणं अवघड आहे.

याच देवळाच्या आवारातल्या भिंतीवर मराठीतला एक अवाढव्य लेख आहे. सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरवून घेतलेलं भोसले वंशाचं चरित्र. ट्राइप तिथे पोचला तेव्हा तंजावरची मराठी गादी संपून जेमतेम तीन वर्षं होत होती. शेवटचे राजे शिवाजी 1855 मध्ये वारले आणि कंपनीनं राज्य ताब्यात घेतलं. म्हणजे इथेही नव्या मालकाची यादी. आधी सातारा खालसा आणि मागोमाग विजापूरचे फोटो. मग तंजावर खालसा आणि मागोमाग तंजावरचे फोटो. हा केवळ योगायोग आहे असं मला वाटत नाही.

ट्राइपच्या चित्रांतल्या आकाशाकडे नीट पाहिलं की एक लबाडी सापडते. त्या काळच्या रसायनांना निळा रंग फार लवकर लागे आणि तांबडा जवळजवळ लागतच नसे. म्हणून आकाश कोऱ्या भिंतीसारखं पांढरं यायचं, आणि बदामीसारखा तांबडा खडक काळवंडून जायचा. ट्राइपला कोरं आकाश आवडेना. त्यानं निगेटिव्हवर हातानं रंग लावून ढग काढले. चित्रकाराचा हात नको म्हणून आणलेल्या कॅमेऱ्यात चित्रकाराचा हात असा मागच्या दारानं शिरला. संचालकांना हे कळलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे!

बंडानंतर तिजोरी रिकामी झाली होती. 1859 मध्ये मद्रासला नवे गव्हर्नर आले, सर चार्ल्स ट्रेव्हेलियन. त्यांनी ट्राइपचं खातं पाहिलं आणि ही चैन परवडणार नाही म्हणून बंद केलं. स्वस्त म्हणून आणलेली वस्तू चार वर्षांत महाग ठरली. उत्तरेत त्याच वेळी फेलिचे बियातो लखनऊ आणि दिल्लीत हिंडून तोफांनी फोडलेल्या इमारतींचे फोटो विकत होता. त्याला सरकारी मंजुरीची गरज नव्हती, कारण विलायतेत गिऱ्हाईक होतं.

मुंबईचं नशीब वेगळं, कारण मुंबईत कापूस होता. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस बंद पडला, आणि इथल्या शेठियांच्या हातात पैसा खेळू लागला. फ्रियर आता मुंबईचे गव्हर्नर होते. बिग्ज आणि पिगू यांची 1855-57 मधली कागदी निगेटिव्ह पडून होती. अशा फोटोंचे ग्रंथ काढायचे ठरले. अहमदाबाद आणि धारवाड-म्हैसूरचे ग्रंथ प्रेमचंद रायचंद यांच्या आश्रयानं, विजापूरचा करसनदास माधवदास यांच्या. 1866 मध्ये लंडनच्या जॉन मरेनं तिन्ही काढले. हा मरे प्रकाशक, आग्र्याचा डॉक्टर नव्हे. विजापूर आणि धारवाडची इतिहासाची बाजू लिहिली मेडोज टेलरनं. ठगाची जबानी आणि ‘तारा’ ही कादंबरी लिहिणारा तोच हा टेलर. इमारतींवरचं भाष्य अर्थात फर्ग्युसनचं.

एकट्या अहमदाबादच्या ग्रंथात 120 फोटो आहेत. फोटो छापखान्यात छापण्याची सोय तेव्हा नव्हती. उन्हात चौकटी मांडून एकेक छाप काढायची, छाटायची आणि प्रत्येक प्रतीच्या प्रत्येक पानावर हातानं चिकटवायची. हे ग्रंथ बाहेर पडेतो अमेरिकेतलं युद्ध थांबलं, मुंबईचा शेअरबाजार कोसळला आणि प्रेमचंद धुळीला मिळाले. आज त्यांचं नाव निघतं ते राजाबाई टॉवरमुळे. विजयनगर आणि हळेबीडच्या देवळांशी त्यांचं नाव जोडलं गेलं होतं, हे सहसा कुणाच्या ध्यानात नसतं.

फर्ग्युसन लंडनमध्ये बसून हे सगळे फोटो गोळा करत होता. शेकडो. ते टेबलावर मांडून, एका देवळाचा खांब दुसऱ्याच्या खांबाशी ताडून त्यानं 1876 मध्ये भारतीय वास्तुकलेचा इतिहास लिहिला. तो पिढ्यान् पिढ्या प्रमाण मानला गेला. त्यातल्या कित्येक जागा त्यानं स्वतः पाहिलेल्या नव्हत्या. फोटो घरात आल्यावर देवळापर्यंत जायची गरज राहिली नाही.

या चित्रांत एक गोष्ट सतत जाणवते, ती म्हणजे सुनसानपणा. विजापूरची जामा मशीद रिकामी, श्रीरंगमचे चौक रिकामे. श्रीरंगमचा चौक कधी रिकामा असतो का? त्याचं उत्तर मेणकागदात आहे. झाकण मिनिटभर किंवा अधिक वेळ उघडं राहिलं की चालता माणूस कागदावर उमटतच नाही. पाणी भरणारी बाई, पूजेचं तबक घेऊन जाणारा पुजारी, ओझं उचलणारा हमाल, सगळे त्या कागदातून आरपार निघून गेले. उरला तो दगड. क्वचित एखादा धुरकट पट्टा दिसतो. तिथून कोणी तरी गेलं होतं. उमटली ती फक्त ‘इथे बस, हलू नकोस’ असं सांगून बसवलेली माणसं. दगडाची उंची कळावी म्हणून मोजपट्टीसारखी बसवलेली. विलायतेत ही चित्रं पाहणाऱ्याची खात्रीच पटे की या देशात भव्य अवशेष आहेत आणि वस्ती काही नाही. काही माणसं ते आधीपासूनच मानत होती, हेही खरं.

आणि विजापूर खरोखर सुनसान राहिलंही नाही. 1880 च्या दशकात जिल्ह्याचं ठाणं कलादगीहून तिथे हलवलं, तेव्हा कचेऱ्यांसाठी नवं बांधण्याऐवजी आदिलशाही महाल आणि मशिदीच वापरात घेतल्या. एका मशिदीत टपाल कचेरी बसली. भिंती पांढऱ्या केल्या, कमानी बुजवल्या, खिडक्या काढल्या. व्हाइसरॉय कर्झन आला आणि त्यानं कान उपटले, तेव्हा कुठे हे थांबायला लागलं. पुराणवस्तूंच्या जतनाचा कायदा 1904 चा. कारकुनांची टेबलं लागायच्या आधी तिथे काय होतं, ते पाहायला आज बिग्जचे कागदच उघडावे लागतात. ते त्याच सरकारच्या पैशानं झालेले.

तिकडे अजिंठ्याला गिल बसूनच होता. 1845 पासून भिंतीसमोर कॅनव्हास लावून तैलरंगात नकला करत. वाघाच्या शिकारीचा नाद, खालच्या फर्दापुरात आणि वर अजिंठा गावात मुक्काम, आणि पारो ही त्याची प्रेयसी. पारोवर कविता झाल्या, सिनेमा झाला, त्यामुळे ती कथा मी पुन्हा सांगत नाही. अजिंठा गावात तिची कबर आहे आणि तिच्यावरची तारीख 23 मे 1856 आहे. त्याच वर्षाच्या सुमारास कंपनीनं गिलकडे कॅमेरा पाठवला.

चित्रांच्या बाबतीत कॅमेऱ्याचा फारसा उपयोग नव्हता. लेण्यात अंधार, आणि गेरू, हिरवा, पिवळा हे रंग कागदावर काळेच पडणार. बाहेरचे दर्शनी भाग, खांब, चैत्याची कमान हे मात्र त्यानं भरपूर टिपलं, आणि तेही स्टिरिओ पद्धतीनं. दोन भिंगांतून दोन चित्रं घ्यायची आणि दुर्बिणीसारख्या पेटीत घालून दोन्ही डोळ्यांनी पाहायची, म्हणजे खांब एकामागे एक उभे राहतात. लंडनच्या दिवाणखान्यात बसलेली बाई ती पेटी डोळ्याला लावून वेरूळच्या कैलासात शिरू शकत होती. 1864 मध्ये गिलच्या फोटोंची दोन पुस्तकं निघाली. एकात लेण्यांचे चौऱ्याहत्तर, दुसऱ्यात शंभर. दुसऱ्यात लेण्यांबरोबर शिकारही आहे, देवळाच्या खांबांपाठोपाठ मेलेलं जनावर.

नकलांचं काय झालं? ती भलीमोठी तैलचित्रं लंडनजवळ सिडनमला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेली होती. 1866 च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि जवळजवळ सगळी जळाली. वीस वर्षांच्या कामातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स 1872 मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले. त्यांनी तेरा वर्षं खपून सगळं पुन्हा उतरवलं. तेही लंडनला पाठवलं. 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनला आग लागली आणि त्यातलंही बरंच गेलं. सुरक्षित राहावं म्हणून विलायतेला नेलेलं दोनदा जळालं. अजिंठ्याला वाघूर नदीच्या काठी वटवाघळं, पाझर आणि माणसांच्या नखांत सापडलेलं मूळ मात्र टिकलं.

म्हाताऱ्या गिलनं पुन्हा सगळं काढायला घेतलं होतं. त्याच कामावर असताना 1879 मध्ये तो आजारी पडला. उपचारासाठी त्याला भुसावळकडे नेत होते. तो वाटेतच गेला. भुसावळच्या दफनभूमीत त्याला पुरलं. पारोची कबर वर अजिंठा गावात, डोंगराच्या पलीकडे.